आठ पौंडांची निष्ठा

गेल्या हिवाळ्यात एका महाविद्यालयाच्या पारितोषिक-समारंभास जाण्याचा योग आम्हांस आला. प्रमुख वक्ते आमचे एक जुने विद्वान स्नेही होते आणि त्यांनी विषय निवडला होता 'निष्ठा'. विषय मोठा, वेळ थोडा, आणि समोर पदवी घेऊन नोकरीच्या शोधात बाहेर पडणारी तरुण मंडळी. तेव्हा आमच्या स्नेह्यांनी तत्त्वचर्चेच्या भानगडीत न पडता दृष्टान्ताचा सोपा मार्ग धरिला. क्रिकेटपटूंचे जे लिलाव २००८ सालापासून आपल्या देशात होत आहेत त्यांच्यावर त्यांनी प्रथम यथेच्छ तोंडसुख घेतले. बैलबाजाराची उपमा अर्थातच येऊन गेली. आणि मग या अधःपातासमोर त्यांनी एक उजळ मूर्ती उभी केली. ती मूर्ती म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील स्कॉटलंडचा फुटबॉलपटू जिमी मॅक्ग्रोरी. लंडनचा आर्सेनल क्लब त्याच्यासाठी दहा हजार पौंड मोजावयास सिद्ध असता त्याने आपला ग्लासगोचा सेल्टिक क्लब सोडला नाही. इतकेच नव्हे, तर त्याच क्लबाने पुढे त्यास सोबत्यांपेक्षा कमी पगार दिला, आणि ही गोष्ट कळल्यावरही तो नुसता हसला व तो हिरवा-पांढरा पोशाख अंगावर घालावयास मिळाला यातच आपले सारे भरून पावले, असे म्हणाला! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या आम्हीही वाजविल्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु घरी परतताना त्या कथेतील एक शब्द आमच्या मनास खड्यासारखा टोचू लागला. 'कमी पगार दिला.' दिला म्हणजे कोणी? का? आणि ज्यांनी दिला त्यांच्याविषयी आमच्या वक्त्या स्नेह्यांनी एक अक्षरही का काढले नाही? मॅक्ग्रोरीच्या निष्ठेबद्दल आमचा वाद नाही. ती बावनकशी होती. आमचा वाद आहे तो ही कथा आज ज्या रीतीने आणि ज्या हेतूने सांगितली जाते तिच्याशी. कारण तिचा पूर्वार्ध निष्ठेचा असला तरी उत्तरार्ध निष्ठावंताच्या लुबाडणुकीचा आहे, आणि हा उत्तरार्ध आमचे उपदेशक लबाडीने पूर्वार्धाचाच कळस म्हणून खपवितात.

ज्यांस हा मनुष्य ठाऊक नाही अशा वाचकांसाठी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. जेम्स एडवर्ड मॅक्ग्रोरी १९०४ च्या एप्रिलमध्ये ग्लासगोच्या गार्नगॅड या भागात जन्मला. वस्ती आयरिश मजुरांची. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेली, दाटीवाटीची. सेल्टिक क्लब हा याच आयरिश लोकांचा. १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड या धर्मोपदेशकाने शहराच्या पूर्व भागातील उपाशी मुलांच्या जेवणाचा खर्च निघावा म्हणून तो स्थापिला, आणि दहाच वर्षांत, १८९७ साली, तो भागधारकांची मर्यादित कंपनी होऊन बसला. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल. मॅक्ग्रोरी १९२२ साली या क्लबात आला, मधले एक वर्ष क्लाइडबँक संघास उसना दिला गेला, आणि परत आला तो १९३७ च्या अखेरपर्यंत तेथेच राहिला.

तो उंच नव्हता. खांदे मात्र रुंद होते, मान जाड होती, आणि हवेतून येणाऱ्या चेंडूवर तो आडवा झेपावून डोक्याने असा प्रहार करी की लोकांनी त्यास 'मानवी टॉर्पेडो' असे नाव ठेविले होते. १९२५ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात डंडीविरुद्धचा निर्णायक गोल त्याने असाच केला. १४ जानेवारी १९२८ रोजी डनफर्मलिनविरुद्ध सेल्टिकने नऊ गोल केले, त्यांपैकी आठ एकट्या मॅक्ग्रोरीचे. १९३५-३६ च्या हंगामात, म्हणजे वयाच्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने लीगमध्ये पन्नास गोल केले. त्याच हंगामात मदरवेलविरुद्ध तीन मिनिटांच्या आत तीन. सेल्टिकसाठी एकंदर ४४५ सामन्यांत ४६८ गोल. सरासरीने सामन्यामागे एकाहून अधिक गोल करणारा खेळाडू, तोही पंधरा वर्षे, हा प्रकार किती दुर्मिळ आहे हे फुटबॉलचे सामने पाहणाऱ्यांस सांगावयास नको.

आणि तरीही स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात त्यास सात वेळाच स्थान मिळाले. सात सामन्यांत सहा गोल. वेम्बलीवर इंग्लंडचा ५-१ असा धुव्वा उडविणारा १९२८ चा जो कीर्तिवंत स्कॉटिश संघ, त्यात मॅक्ग्रोरी नव्हता. त्याची जागा ह्यूई गॅलहर याने भरली होती. गॅलहर असामान्य होता, तेव्हा या निवडीत अन्याय किती आणि योग्यता किती हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. १९३३ च्या १ एप्रिलला हॅम्पडनच्या मैदानावर एक लाख तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे मॅक्ग्रोरीने इंग्लंडवर दोन्ही गोल चढवून सामना २-१ असा जिंकून दिला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता १९२८ च्या उन्हाळ्याकडे वळू. सेल्टिकची आर्थिक स्थिती त्या वेळी ओढगस्तीची होती. मैदानावर नवे प्रेक्षागृह बांधावयाचे घाटत होते आणि पैसा हवा होता. टॉमी मॅकिनॅली आणि अॅडम मॅक्लीन हे दोघे नावाजलेले खेळाडू त्याच वर्षी सेल्टिक सोडून संडरलंडला गेले होते. अशा वेळी क्लबाचे व्यवस्थापक विली मॅली हे मॅक्ग्रोरीस बरोबर घेऊन फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्री निघाले. वाटेत लंडन. लंडनला आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन भेटीस हजर! हा योगायोग होता असे मानण्याइतका भोळा वाचक आमच्या पाहण्यात नाही. पंढरीच्या वाटेवर असलेल्या वारकऱ्याची किंमत सोबत्याने मुक्कामाच्या धर्मशाळेत ठरवावी, तसा हा प्रकार. मॅक्ग्रोरीने नकार दिला. तीर्थयात्रा आटोपून मंडळी परतली तो चॅपमन पुन्हा हजर, आणि नकारही पुन्हा तोच. आर्सेनलचा मॅक्ग्रोरी हे शब्द सेल्टिकचा मॅक्ग्रोरी या शब्दांसारखे आपल्या कानांस कधी गोड लागलेच नसते, अशा अर्थाचे काही तो पुढे म्हणत असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चॅपमन यांनी डेव्हिड जॅक या खेळाडूसाठी बोल्टन क्लबास दहा हजारांहून अधिक पौंड मोजले. पाच आकडी किंमत पडलेला तो पहिला खेळाडू. म्हणजे चॅपमन थट्टा करीत नव्हते.

येथवरची कथा आमच्या स्नेह्यांनी सांगितली तशीच आहे. पण तिच्यातील एका प्रश्नाकडे त्यांनी सोयीस्कर डोळेझाक केली. निष्ठा कोणी कोणास दाखविली? खेळाडू क्लब सोडून जाऊ पाहत होता आणि क्लब त्यास धरून ठेवीत होता, असे येथे मुळीच घडले नाही. क्लब त्यास विकू पाहत होता. संचालकांना दहा हजार पौंड हवे होते, मॅली यांना संचालकांची आज्ञा पार पाडावयाची होती, आणि या सर्व व्यवहारात सेल्टिकशी एकनिष्ठ असा एकच इसम होता, तो म्हणजे ज्याचा सौदा चालला होता तो. जी संस्था आपणांस बाजारात उभी करिते तिच्याशीच निष्ठा राखणे हे थोर असेल. परंतु मग त्या संस्थेची थोरवी कोणती?

आणि नकाराचे फळ काय मिळाले? सेल्टिकच्या पहिल्या संघातील खेळाडूंस आठवड्याचे नऊ पौंड मिळत असता मॅक्ग्रोरीस आठ मिळू लागले. ही गोष्ट त्यास सांगितली नव्हती. ती त्यास फार उशिरा कळली. संचालकांनी ही नकाराची शिक्षा म्हणून केली की निव्वळ काटकसर म्हणून, याचा खल करण्यात अर्थ नाही. शिक्षा असेल तर ती गुन्ह्यावाचून होती, आणि काटकसर असेल तर ती अशा मनुष्याच्या पानातून होती की जो ताट सोडून उठणार नाही याची यजमानास खात्री होती.

आम्ही गणिताचे प्राध्यापक नव्हे. तथापि एवढा हिशेब आम्हांसही येतो. आठवड्यास एक पौंड, वर्षाचे आठवडे बावन्न, १९२८ पासून ढोबळ मानाने नऊ वर्षे. बेरीज ४६८ पौंड. उन्हाळ्याच्या सुट्टीतील पगाराचा हिशेब निराळा असेल तर आकडा थोडा खाली येईल. परंतु हा आकडा आम्ही कागदावर मांडला तेव्हा क्षणभर थबकलो. कारण सेल्टिकसाठी त्याने केलेल्या गोलांची संख्याही ४६८ हीच आहे. हा अर्थात निव्वळ योगायोग आहे आणि त्यापासून काही सिद्ध होत नाही. पण आमचे स्नेही पुन्हा कधी ही कथा सांगतील तेव्हा गोलागणिक एक पौंड या दराने कोणी कोणाचे देणे बुडविले, हे त्यांनी एकदा मनाशी घोळवून पाहावे.

यावर जी उत्तरे येतात ती आम्ही ऐकून आहोत. पहिले उत्तर असे की, आठ पौंड काही थोडे नव्हते. खरे आहे. क्लाइड नदीच्या काठचे जहाजांचे कारखाने त्या मंदीच्या वर्षांत ओस पडले होते. पुढे 'क्वीन मेरी' म्हणून गाजलेल्या जहाजाचा सांगाडा १९३१ च्या डिसेंबरापासून १९३४ च्या एप्रिलापर्यंत नुसता गंजत उभा होता. हातास काम नसलेल्या गार्नगॅडच्या मजुरास आठ पौंड म्हणजे राजाचे उत्पन्न वाटले असेल. परंतु प्रश्न मजुराला काय मिळत होते हा नसून, त्याच मैदानावर त्याच पोशाखात धावणाऱ्या सोबत्यास काय मिळत होते हा आहे. आणि दुसरा प्रश्न, मैदानाच्या दारावर काय जमत होते हा. १९३७ च्या एप्रिलमध्ये सेल्टिक आणि अॅबर्डीन यांच्यातील चषकाचा अंतिम सामना पाहावयास दीड लाखाच्या जवळपास माणसे हॅम्पडनवर लोटली. त्या दिवशीही सेल्टिकच्या मध्य आघाडीवर बत्तीस वर्षांचा मॅक्ग्रोरीच होता. बेकारीच्या काळात गरिबाने खिशातून काढलेले ते शिलिंग तो पाहावयास मिळावा म्हणून काढलेले होते. संचालकांच्या मिशा पाहण्यासाठी नव्हेत!

शिवाय या धंद्यात देह हेच भांडवल. १९३१ च्या ५ सप्टेंबरला आयब्रॉक्सच्या मैदानावर सेल्टिकचा गोलरक्षक जॉन टॉमसन प्रतिपक्षाच्या खेळाडूच्या पायांवर झेपावला, डोक्यास मार लागला, आणि त्याच रात्री वयाच्या बाविसाव्या वर्षी तो इस्पितळात मरण पावला. मॅक्ग्रोरी त्या संघात खेळणारा. अशा जोखमीच्या नोकरीत पौंडाचा काय हिशेब, असे म्हणणारास आम्ही विचारतो की, मग तो हिशेब संचालकांनी का केला?

दुसरे उत्तर अधिक भारदस्त आहे आणि ते आमच्या स्नेह्यांच्या सर्व व्याख्यानाचा पाया आहे. पैशाने खेळ भ्रष्ट होतो. जुन्या काळी खेळाडू विकले जात नसत. आजचा लिलाव ही अधोगती. हे विधान करणारा मनुष्य जुन्या काळाविषयी काही न वाचता बोलत असतो. त्याने ह्यूई गॅलहरचेच उदाहरण घ्यावे, कारण उपदेशक मॅक्ग्रोरीच्या शेजारी काळी बाजू म्हणून बहुधा त्यासच उभा करितात. एकनिष्ठ मॅक्ग्रोरी मानाने म्हातारा झाला, आणि क्लबामागून क्लब बदलणारा, दारूच्या आहारी गेलेला गॅलहर १९५७ साली गेट्सहेडजवळ आगगाडीखाली मेला! बोधकथा तयार. पण वस्तुस्थिती काय? एअरड्रीहून न्यूकॅसलने त्यास १९२५ साली साडेसहा हजार पौंडांस घेतले. त्याने कर्णधार होऊन १९२७ चे लीगविजेतेपद त्या क्लबास मिळवून दिले. १९३० साली क्लबाने त्यास दहा हजारांस चेल्सीला विकले. त्यास स्वतःस न्यूकॅसल सोडावयाचे नव्हते. पुढे सप्टेंबरात तो चेल्सीकडून खेळण्यासाठी न्यूकॅसलच्या मैदानावर उतरला तेव्हा त्यास पाहावयास ६८,३८६ लोक जमले. त्या मैदानावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. आणि त्या दहा हजारांतून गॅलहरच्या हाती नियमाप्रमाणे काय पडावयाचे? दहा पौंड. संघ बदलणाऱ्या खेळाडूस इंग्लंडात तेवढेच देण्याची मुभा होती. आठवड्याचा पगारही १९२२ पासून हंगामात आठ पौंडांच्या वर देता येत नसे. मग तो सामान्य असो की गॅलहर असो.

आजच्या लिलावात जी बोली पुकारली जाते ती खेळाडूचे वेतन असते. ती आम्हांस आवडते असे नाही. तो पुकारा, ते हातोडे, ते दिवे, सारेच आम्हांस हिडीस वाटते. परंतु बैलबाजार हा शब्द वापरावयाचाच तर तो कोठे लागू पडतो याचा विचार करावा. बाजारात बैलाची किंमत बैलास मिळत नाही, ती मालकास मिळते. हे वर्णन २००८ नंतरच्या मुंबईस लागू पडते, की १९३० च्या न्यूकॅसलला?

या आठ पौंडांच्या नियमाची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. मॅक्ग्रोरी आर्सेनलला गेला असता तरी उघडपणे त्यास तेथेही आठ पौंडच मिळाले असते. स्कॉटलंडात अशी मर्यादा नव्हती, म्हणूनच सेल्टिकला नऊ देता येत होते. पण लंडनमध्ये चतुर माणसे होती. १९२९ साली प्रेस्टनहून ८,७५० पौंडांस आणलेला अॅलेक्स जेम्स हा दुसरा स्कॉटिश खेळाडू, तोच तो ढगळ विजारीत खेळणारा, आर्सेनलला आला. त्यास सेल्फ्रिजेस या प्रचंड दुकानात खेळाच्या साहित्याचा प्रदर्शक म्हणून वर्षाला अडीचशे पौंडांची जोड-नोकरी लागली. हा व्यवहार कायद्याच्या कक्षेत होता आणि कायद्याच्या तोंडास पाने पुसणाराही होता. जेम्सने आर्सेनलला चार लीगविजेतेपदे आणि दोन चषक मिळवून दिले. त्याच्या निष्ठेत काही उणीव पडल्याचे आमच्या वाचनात नाही. अधिक पैसे मिळाले म्हणून पाय मंदावतात हा सिद्धान्त त्याने तरी खोटा पाडला.

खेळासाठीच खेळ हे ब्रीद मिरविणारा ग्लासगोचाच क्वीन्स पार्क क्लब होता खरा, आणि तो खेळाडूंस एक पैसाही देत नसे. तेथे न घेणाराही ठाऊक असून घेत नव्हता, न देणाराही उघडपणे देत नव्हता. त्यात फसवणूक नव्हती. त्या क्लबानेही २०१९ साली ते व्रत सोडून दिले. असो.

तिसरे उत्तर सर्वांत गोड आहे, म्हणून सर्वांत धोक्याचे. खुद्द मॅक्ग्रोरीनेच तक्रार केली नाही, मग तुम्ही कोण? ज्याचे गेले त्यास दुःख नाही आणि हे परके वकीलपत्र कशाला? यावर आमचे म्हणणे असे. धनकोने ऋण सोडून दिले तर धनको उदार ठरतो. ऋणको प्रामाणिक ठरत नाही. मॅक्ग्रोरीने क्षमा केली ही त्याची श्रीमंती. त्या श्रीमंतीच्या उजेडात संचालकांचे तोंड धुऊन काढण्याचा अधिकार कोणास पोचत नाही. शिवाय त्याग म्हणजे काय हेही नीट पाहिले पाहिजे. त्याग हा जाणून केलेला असतो. आपल्याकडे शिक्षणसंस्थांतून आजीव सेवकांनी तुटपुंज्या वेतनावर उभे आयुष्य घालविले. परंतु तो आकडा त्यांनी स्वतः, सर्वांदेखत, पहिल्या दिवशी मान्य केलेला होता, आणि शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्यासही तेवढेच मिळत होते. मॅक्ग्रोरीकडून कोणी काही मागितलेच नाही. नकळत काढून घेतलेल्या वस्तूस दान म्हणण्याची भाषा आम्ही तरी शिकलो नाही.

आणि तक्रार न करणाऱ्याचे पुढे काय होते हेही त्याच्याच चरित्रात पाहावयास मिळते. १९३७ च्या डिसेंबरात तो किल्मार्नक संघाचा व्यवस्थापक झाला. तेथे थोड्याच महिन्यांत त्याच्या संघाने चषक-स्पर्धेत सेल्टिकला हरविले आणि अंतिम सामना गाठला. म्हणजे कर्तबगारीत उणेपणा नव्हता. १९४५ साली सेल्टिकने त्यास व्यवस्थापक म्हणून परत बोलाविले आणि तो आनंदाने गेला. वीस वर्षे तो त्या जागेवर होता. १९५४ साली लीग आणि चषक दोन्ही, आणि १९५७ साली रेंजर्सवर अंतिम सामन्यात ७-१ असा अविस्मरणीय विजय. परंतु त्या काळात संघात कोणी खेळावयाचे हे अध्यक्ष रॉबर्ट केली ठरवीत, हे ग्लासगोच्या पोरासोरांसही ठाऊक होते. खुर्ची मॅक्ग्रोरीची, अधिकार केलींचा, आणि पराभवाचा दोष पुन्हा मॅक्ग्रोरीचा. १९६५ साली जॉक स्टाइन आला तो संघनिवड आपल्या हाती घेऊन. मॅक्ग्रोरीस जनसंपर्काचे काम देण्यात आले. दोन वर्षांत लिस्बनला सेल्टिकने युरोपचा चषक जिंकला. स्टाइनने जे मागून घेतले ते मॅक्ग्रोरीने वीस वर्षांत मागितल्याचे दिसत नाही. न मागण्याची सवय लागलेल्या माणसास न देण्याची सवय जगास लवकर लागते.

ही सर्व हकिकत आम्ही इतक्या त्वेषाने का लिहीत आहो, असे वाचक विचारतील. ग्लासगोच्या क्लबाशी आमचे काय वैर? आपल्याकडील फुटबॉलप्रेमी तर त्या क्लबास एका चांगल्या गोष्टीसाठी ओळखतात: कलकत्त्याचा महंमद सलीम १९३६ साली तेथे गेला आणि त्यास बूट न घालता, पायांस पट्ट्या बांधून दोन सामन्यांत खेळू देण्यात आले. ते दिवस ध्यानात घेता ही लहानसहान गोष्ट नव्हे.

कारण निराळे आहे आणि ते सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांमागे एका संस्थेच्या बैठकीत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एका अध्यापकाचे मानधन ठरवावयाचे होते. त्याच कामासाठी नव्याने येणारास जो दर द्यावयाचे ठरले तो या जुन्या माणसासही द्यावा, असा प्रश्न निघाला. तेव्हा एक सदस्य म्हणाले, ते कशाला, ते काही सोडून जाणार नाहीत. त्यांना कॉलेजचा फार लळा आहे. सर्व हसले. कागद पुढे सरकला. सही करणाऱ्यांत आम्ही होतो. तो अध्यापक आजही भेटला की वाकून नमस्कार करितो, आणि त्याच्या नमस्काराचा स्वीकार करिताना आमची नजर बाजूस वळते. पारितोषिक-समारंभात टाळ्या वाजविताना आमचे हात जड का झाले, हे वाचकांस आता कळले असेल. ती गोड कथा ऐकणाऱ्या तरुणांपैकी कित्येक उद्या याच तासिकांच्या रांगेत उभे राहणार होते. त्यांस मॅक्ग्रोरीचे हसणे तेवढे शिकविले गेले. नववा पौंड मागावयास कोणी शिकविले नाही.

ज्यांनी मागितला, त्यांच्यामुळे जे बदलावयाचे ते बदलले. जिमी गथ्री हाही स्कॉटिशच. डंडीकडून खेळलेला, १९३९ साली पोर्ट्समथचा कर्णधार म्हणून इंग्लंडचा चषक उंचावलेला. मॅक्ग्रोरीहून लहान, पण त्याच पिढीचा. युद्धानंतर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाल्यावर त्याने १९५५ साली कामगारसंघांच्या परिषदेत उभे राहून, आपण ब्रिटनमधील शेवटच्या वेठबिगारांच्या वतीने बोलत आहो, असे बजाविले. सभ्य लोकांनी त्यास आततायी म्हटले. १९६१ साली वेतनाची मर्यादा उठली. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी, मुदत संपलेल्या खेळाडूस अडवून ठेवण्याची पद्धत बेकायदा ठरविली, आणि १९९५ च्या बॉस्मन निकालाने युरोपात उरलीसुरली दोरीही कापली गेली. आमच्या स्नेह्यांच्या व्याख्यानात गथ्रीचे नाव नव्हते. तो हसला नाही, हा त्याचा दोष.

आता विली मॅली यांच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १८८८ साली सेल्टिकचा पहिला सामना झाला त्यात ते खेळले होते, आणि क्लब कंपनी झाला त्या १८९७ सालापासून ते त्याचे सूत्रधार होते. १९३८ साली क्लबाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मेजवानीत संचालकांनी त्यांस अडीच हजार गिनींचा धनादेश अर्पण केला. सेवेच्या प्रत्येक वर्षास पन्नास गिनी. मेजवानी संपली आणि प्रश्न निघाला की, या रकमेवरील प्राप्तिकर कोणी भरावयाचा, मॅलींनी की क्लबाने? त्यावरून पन्नास वर्षांच्या स्नेहात जे बिनसले ते बिनसलेच, आणि १९४० च्या आरंभी वृद्ध मॅली कडवट मनाने क्लबातून बाहेर पडले. या तंट्यात त्यांची बाजू आम्हांस मुळीच अन्याय्य वाटत नाही. पन्नास वर्षांचे मोल त्यांनी पूर्ण मागितले, हे योग्यच केले. फक्त लूर्दच्या वाटेवर आपल्या शेजारी बसलेल्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणासही हिशेब येत असेल, ही शंका त्यांस त्या वेळी आली असती तर बरे झाले असते.